सात बोटं जाड काच

समुद्रतळावरच्या आपल्या दुकानात तांडेलकाकांनी पाणबंद डब्यांतल्या दोन मॅक्रो लेन्स, साठ आणि शंभर मिलिमीटरच्या, केतकीपुढे ठेवल्या आणि पाटीवर लिहिलं, "साठची घे. आपण बुडबुडे सोडत नाही, त्यामुळे बारके जीव बिचकत नाहीत. अगदी जवळ जाता येतं."

केतकीने पाटी पुसून लिहिलं, "किती जवळ?"

"चार बोटं. शंभरची दहा बोटं लांब ठेवावी लागते, मग मधलं गढूळ पाणी फोटोत येतं."

"तरी शंभरचीच द्या."

त्या दुकानात येणारे सगळेच कल्लेवाले होते. प्रवाळांच्या कामासाठी तीन वर्षांपुरते माशासारखे कल्ले बसवून घेतलेले. मुदत संपल्यावर ते काढायचे ठरले होते, पण कोणाचीच फुप्फुसं पुन्हा हवा घेईनात.

"गोगलगायीच्या फोटोला शंभरची कशाला?" काकांनी विचारलं.

"गोगलगाय नाही. माझी लेक, चार वर्षांची. दर रविवारी बंदरातल्या भेटीच्या काचेला पलीकडून पंजा टेकवून उभी राहते. पाटी तिला अजून वाचता येत नाही. मला तिच्या बोटांवरच्या रेषा बघायच्यात. काच सात बोटं जाड आहे."

 काकांनी दोन्ही डबे आत ठेवले आणि स्वतःच्या कॅमेऱ्याची, वापरून कडा झिजलेली शंभरची लेन्स तिच्यापुढे केली.

"ही त्याच काचेवर चाललेली आहे," त्यांनी लिहिलं. "घेऊन जा. पलीकडे आता माझं कोणी येत नाही."