जपणारा डॉक्टर
मालिकेतल्या डॉक्टरवर अख्खी गल्ली फिदा होती. शिवणकाम करणाऱ्या आईच्या मनात मात्र त्याला बघून पाल चुकचुकायची. आजच्या भागात त्याने बायकोचा राजीनामा परस्पर देऊन टाकला, तर लेकीचे डोळे भरून आले. "किती जपतो ना तिला!" "जपतो की पहारा देतो?" आईने दोरा दाताने तोडला. "तुला प्रेमातलं काही कळत नाही, आई. आमचं ध्यानही अस्संच आहे." लग्न महिन्यावर आलेलं. तेवढ्यात होणाऱ्या नवऱ्याचाच फोन आला. "हो, घरीच आहे. शप्पथ!" त्याला पटेना, म्हणून लेकीने खोलीचा फोटो पाठवला. फोन पुन्हा वाजला. "आई, इकडे बघ," ती ओशाळून हसली. "तुझ्यासकट फोटो हवाय त्याला." आईने मान वर केली. "तुला पाठवायचाय?" लेकीची नजर टीव्हीवरच्या डॉक्टरकडे गेली. तिसऱ्यांदा वाजणारा फोन तिने पालथा ठेवला.