वर केलेला हात
सुट्टीत मिशनबरोबर परदेशी गेलो. माझ्या पहिल्याच प्रवचनाअखेर एक हात वर झाला. हिरव्या स्वेटरवाल्या आजी प्रभूला स्वीकारत होत्या. मला आभाळ ठेंगणं वाटलं. सकाळी चर्चचा अल्बम चाळला. गेल्या वर्षीच्या पाहुण्यांसोबतही तोच स्वेटर, तोच वर केलेला हात. त्याआधीच्या वर्षीही. म्हातारी नक्कीच आम्ही वाटायला आणलेल्या कांबळ्यांवर डोळा ठेवून होती. दारातच गाठलं. "आजी, दरवर्षी नव्यानं स्वीकारता होय?" "मी जन्माचीच ख्रिस्ती. पण तुम्ही पोरं लांबून येता, एकही हात वर झाला नाही तर तोंडं एवढीशी होतात." मी तणतणत अल्बम आमच्यासोबत आलेल्या पाद्रींपुढे आपटला. त्यांनी जुनं पान उघडलं. हिरव्या स्वेटरशेजारी आनंदानं रडणारा एक विद्यार्थी उभा होता. त्याच्या भुवईवर पाद्रींच्या भुवईवरचाच व्रण होता. "मला कळलं तेव्हा," ते म्हणाले, "पाद्री होऊन सात वर्षं झाली होती."