तारा परत आला

"साहेब, तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत!" वेधशाळेतल्या निरीक्षक बाईने अहवाल टेबलावर आपटला. "म्हणे माझा दादा नोकरी सोडून पळाला!"

नऊ दिवसांपूर्वी एक दूरचा बर्फाळ गोळा ताऱ्यासमोरून गेला होता. ती दुर्बिणीला डोळा लावून होती आणि शेजारी दादा नेहमीसारखा टेपवर मोठ्याने सेकंद मोजत होता. तारा गोळ्याआड गेला आणि त्याच क्षणी शेजारचा आवाजही बंद झाला. अकरा सेकंदांनी तारा परत आला. दादा आला नाही. दाराची कडी आतूनच लागलेली होती.

"राईचा पर्वत करू नका, बाई," साहेब गुरकावले.

तिने तीच टेप लावली. काल टेपवरचा दादा सहा लाख नव्वद हजार सेकंदांवर होता.

"सात लाख सत्तर हजार बारा... तेरा..."

त्याचा घसा पार बसला होता.

साहेबांनी वायर उपटली. मोजणी थांबली नाही.

"आता सांगा साहेब, कुठंय माझा दादा?"