तोल सेवा बंद

दर महिन्याला खात्यातून परस्पर कापले जाणारे पैसे वाचवायला सिंधूताई लेकीला घेऊन बसल्या. गाण्यांची वर्गणी बंद झाली, घरात कुणीच न पाहणारं क्रिकेट बंद झालं. मग आली सगळ्यात महाग वर्गणी, त्यांच्या कृत्रिम पायाची 'तोल सेवा'. पाऊल डगमगलं की कंपनीचा संगणक लांबूनच पाय सावरत असे.

"हीपण बंद कर," सिंधूताई म्हणाल्या.

"आई, पडशील!" मृण्मयी दचकली.

"घाटात वळणं घेणाऱ्या एसटीत उभं राहून जन्मभर तिकिटं फाडली मी. तोल माझा आहे, कंपनीचा नाही. दाब ते बटण."

मृण्मयीनं मोबाइलवरचं बटण दाबलं. "यापुढे पडल्यास आम्ही जबाबदार नाही," असा गोड आवाज पायातून आला आणि पाय एकदम जड झाला.

सिंधूताई उठल्या आणि लगेच कलंडून भिंतीला टेकल्या. तरी त्यांनी भिंत सोडली. पुढचं पाऊल थरथरलं, त्यानंतरचं मात्र ठाम पडलं. बघता बघता दार ओलांडून त्या जिना उतरू लागल्या. मागून मृण्मयी हात पसरून धावली.

"हात मागे घे गं," सिंधूताई मोठ्यानं हसल्या. "आता फुकटचा आधारही नको मला!"