बोअरचं पाणी

पाणी तपासणाऱ्या आरतीने अहवालाचे दोन कागद केवळाबाईच्या ओट्यावर ठेवले. एक केवळाबाईच्या विहिरीचा. दुसरा वरच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या, शेषेरावच्या बोअरचा. केवळाबाईनेच हट्ट धरून तोही तपासायला लावला होता.

"बोअरचं पाणी चांगलं आहे, मावशी. नायट्रेट तुमच्या विहिरीत आहे."

केवळाबाई खालीच बसली. बारा दिवस ती धड झोपली नव्हती. महिन्याची नात निळी पडली होती. ओठ, नखं, सगळं. अंगावरचं दूध पुरेना म्हणून सून तनुजा पावडरचं दूध पाजत होती. त्याला पाणी विहिरीचं, केवळाबाईने रोज खळखळ उकळून दिलेलं. नांदेडच्या डॉक्टरांनी पोर वाचवली आणि सांगितलं, पाण्यात खताचा अंश, नायट्रेट, दिसतोय, उकळून तो जात नाही.

खत म्हटल्यावर केवळाबाईला शेषेरावच दिसला. दरसाल कापसात युरियाची पोती रिकामी करणारा. चारचौघांत ती त्याला म्हणाली होती, "माझ्या नातीला तू इख पाजलंस." तो मान खाली घालून निघून गेला होता.

"मग हे आलं कुठनं?" तिने विचारलं.

आरतीने विहिरीकडे बघितलं. काठापासून दहा पावलांवर शेणखताचा ढीग होता, पुरुषभर उंच. केवळाबाईने तो तीस वर्षं राखला होता. आपल्या रानात विकतचं पोतं कधी आलं नाही, हे ती सगळ्यांना सांगायची.

"दर पावसाळ्यात ह्याचं पाणी मुरतं, मावशी. खाली मुरूम आहे. थेट विहिरीत उतरतं."

केवळाबाई तशीच उठली, अनवाणी बांध ओलांडून शेषेरावच्या आखाड्यावर, त्याच्या शेतातल्या झोपडीपाशी गेली. तो बाजेवर बसला होता.

"भाऊजी, तुमचं पाणी चांगलं निघालं. माझ्याच उकिरड्यानं केलं हे. मी लई वंगाळ बोलले तुम्हाला."

शेषेराव तिच्याकडे बघतच राहिला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडायला लागला.

"वैनी," तो म्हणाला, "बारा दिवस झाले, मी समजून राहिलो होतो, पोरीला माझ्याच युरियानं मारलं असतं."