डब्याच्या सुट्टीतलं व्याख्यान

वाघमोडे मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि स्टाफरूममध्ये सगळ्या डब्यांची झाकणं एकदम उघडली. कॉलेजात दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत एका प्राध्यापकानं आपला विषय सोडून भलत्याच विषयावर बोलायचं आणि बाकीच्यांनी जेवायचं, अशी रीत होती. ऐकायचंही, असं काही ठरलेलं नव्हतं. मॅडम शिकवायच्या संख्याशास्त्र. आज मात्र आपल्या गेलेल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या कुणीतरी कान देऊन ऐकाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं.

"आवरा हं लवकर, मॅडम," तांबोळी सर वांग्याचा घास भरत म्हणाले, "नंतर माझं प्रॅक्टिकल आहे."

मॅडमनी डोळे मिटून ओवी धरली. दुसऱ्या ओवीला सगळ्यांचे जबडे एका तालात फिरू लागले. पुढच्या ओवीला प्राचार्यांची मानही घुमू लागली. मॅडम श्वास घ्यायला थांबल्या, तर सगळे जबडे जागच्या जागी थांबले.

"अहो, गा की!" तांबोळी सर भरल्या तोंडानं ओरडले. "घास खाली उतरेना!"

मॅडम गात राहिल्या. तासाची घंटा झाली, कुणी उठेना. शेवटी आईच्या ओव्या संपल्या. गाल फुगवून सगळा स्टाफ लेकरांसारखा त्यांच्या तोंडाकडे बघत बसला. मग मॅडमनी पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःची ओवी रचली:

"दळण चाललं बाई, दातांच्या जात्यात,
आई, तुझं गाणं गेलं साऱ्यांच्या पोटात."