बिनवायरचा डबा

"ज्याला वायरच न्हाई असा दाखवा, मकसूदभाई," शहादेव म्हणाला आणि पुढं केलेला स्टूल त्यानं पायानं बाजूला सारला. रागात असला की तो बसत नसे आणि गेल्या गणपतीपासून तो रागातच होता.

मकसूदचं गेवराईत साउंडचं दुकान होतं. आसपासच्या गावांतल्या बऱ्याच कार्यक्रमांना स्पीकर त्याचेच लागत. शहादेव तलवाड्याहून लेकीला, सायलीला घेऊन आला होता. तिच्या पाठीवर गिटार होती आणि तिला बॅटरीवर चालणारा, एका हातानं उचलता येईल असा छोटा अँप्लिफायर हवा होता.

"पोरीनं दोन वर्षं बोटं सोलून घेतली," शहादेव म्हणाला. "गणपतीत पहिल्यांदा तिचं गाणं ठेवलं. मी तिची ओळख करून देत होतो, तेवढ्यात आवाज बंद. सव्वीस जानेवारीला शाळेत पुन्ना तेच. लाइट गेली म्हणावं तर मंडपातल्या माळा लखलखत होत्या. मागाहून बघितलं तर आपल्याच स्पीकरची पिन बोर्डातून उपटलेली. दोन्ही टायमाला."

मकसूदनं मान हलवली. दोन्ही वेळा साउंड त्याचाच होता.

"पोरगी तशीच गायली, बिनमाइकची. पुढं बसलेल्या चार बायांना ऐकू गेलं. बाकीचं गाव चपला शोधत होतं."

 राग खरा होता, त्यात नाटक नव्हतं.

"तुमी तर तिथंच होता. बंकटला बोर्डापाशी बघितलं असंल."

बंकट हा शहादेवचा चुलतभाऊ. ग्रामपंचायतीला दोघं समोरासमोर उभे राहिले तेव्हापासून त्यांच्यात विस्तव जात नव्हता.

"बंकटभाऊ त्या टायमाला माझ्यापाशी चहा पीत होते," मकसूद म्हणाला.

"मग त्याचा माणूस असंल."

"मी मिक्सरवर होतो भाऊ. पाठीमागचं काय दिसतंय?" असं म्हणून मकसूद खोकी उतरवायला लागला.

"बंकटकाकांनी न्हाई काढली, पप्पा," सायली म्हणाली.

"तू गप. तुला माणसं कळत न्हाईत अजून. लेकराचं गाणं बंद पाडतो, त्याला काका म्हणतीस व्हय?"

रविवारी गावात अभ्यासिकेचं उद्घाटन होतं. बीडहून सायलीच्या गिटारच्या मॅडम खास तिला ऐकायला येणार होत्या. गाणं पसंत पडलं तर संभाजीनगरच्या स्पर्धेत तिचं नाव जाणार होतं. पण मॅडमना साडेपाचच्या एसटीनं परतायचं होतं. शहादेवनंही रविवारसाठी एक गोष्ट ठरवून ठेवली होती. भर कार्यक्रमात, अख्ख्या गावासमोर, तो बंकटचं नाव घेणार होता. दोन्ही घरांचं जाणं-येणं कायमचं तुटेल हे त्याला ठाऊक होतं. तुटू दे, असं तो घरात लेकीदेखत बायकोला दहादा म्हणाला होता.

पहिला डबा चाकांचा निघाला. त्यात रंगीत दिवे फिरत होते आणि आवाज रस्त्यापलीकडं जात होता. शहादेवला तो लगेच आवडला. सायलीनं गिटारची पिन लावून तार छेडली तर आतून नुसता घणघणाट आला.

"हा वरातीचा माल," मकसूद म्हणाला. "गिटार ह्यात भांड्यावानी वाजती."

दुसरा कमरेला अडकवायचा होता. आवाज गोड, पण दुकानाच्या दारापर्यंतच पोचत होता. तिसरा मात्र लाकडी, टिफिनपेक्षा थोडा मोठा. सायलीनं एक सूर छेडला आणि शेजारच्या टपरीवरचा माणूस हातातलं काम सोडून वळून बघायला लागला. शहादेवच्या चेहऱ्यावरचा राग दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच उतरला.

"माइक लागतो का ह्याला? गाण्याआधी माणसाला दोन शब्द बोलावं लागतंय."

मकसूदनं माइक लावून दिला. शहादेवनं घसा साफ केला. व्यासपीठावरच्या मान्यवरांपासून सुरुवात झाली, मग गावाचा इतिहास, मग त्याच्या वडलांनी आणलेली पाण्याची टाकी. मकसूदनं मागवलेल्या चहावर साय धरली. टपरीवरचा माणूस परत कामाला लागला. सायलीनं गिटार पिशवीत भरून चेन ओढली, तेव्हा कुठं तो थांबला.

"बॅटरी किती टाइम चालती?"

"सहा तास."

"पुरंल का?"

मकसूदनं सायलीकडं पाहिलं. ती डब्यावरची बटणं बघत होती.

"चाचा, माइकचा आवाज वेगळा बंद करता येतो का? गिटार चालू ठेवून?"

"येतो की. मोबाइलवरूनच. जागेवरून उठायची गरज न्हाई."

"कावून गं?" शहादेवनं विचारलं.

"कधी कधी शिट्टी मारतो ना माइक."

"हुशार हाय पोरगी," शहादेव मकसूदला म्हणाला. "हाच द्या."

डबा छातीशी धरून तो मोटारसायकलकडं निघाला. "आता उपट म्हणावं पिन," असं तो पायरी उतरतानाही पुटपुटत होता.

मकसूदनं चार्जर पिशवीत घातला आणि आवाज खाली आणला. "बेटा, दोन्ही टायमाला मी कुणाला बोललो न्हाई. पण चालू स्पीकरची पिन अशी झटक्यात ओढायची न्हाई. मशीन जळतं माझं."

"आता ओढावी न्हाई लागणार, चाचा," सायली मोबाइल खिशात ठेवत म्हणाली. "पप्पांना बोलू देईन की. बंकटकाकांचं नाव येईस्तोवर."